तुलनेला पुरुषच नसतो तेव्हा

बाळ जन्मले की पहिल्या ४२ दिवसांत आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने, त्या घरी सहा वेळा जायचे असते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवशीही. भाचीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने सिन्नर तालुक्यातील तिच्या गावी राहायला गेले असताना यातली एक भेट मला शेजारी बसून पाहता आली. ‘बाळाला बघून जातात’ एवढ्या शब्दांत आपण जे काम गुंडाळतो, ते प्रत्यक्षात किती नेमके आणि किती जबाबदारीचे असते, हे तिथे मला दिसले.

आशाताईंनी आधी हात साबणाने नीट धुतले आणि फडक्याला न पुसता तसेच वाळू दिले. बाळाच्या काखेत थर्मामीटर धरला. मग छातीवरचे दुपटे बाजूला करून, घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवत, त्यांनी पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. आकडा ६० च्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, वर गेला, तेव्हा त्यांनी घाईने काही नोंदवले नाही. बाळाला शांत होऊ दिले आणि पुन्हा मिनिटभर मोजले. या वेळी ५४ भरले, तेव्हा कुठे वही उघडली. झोळीच्या काट्यावर वजन घेतले, बेंबी पाहिली, तळपाय गार आहेत का ते हाताच्या मागच्या बाजूने तपासले. त्यानंतर भाचीला बाळ अंगावर घ्यायला सांगून त्या गप्प बसून पाहत राहिल्या. बाळ नीट लागत नव्हते. त्याची मान जराशी वळवून त्यांनी ते पुन्हा लावून दिले. बेंबीला तेल-हळद लावू नका, हे भाचीच्या सासूबाईंना सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ होता, की ‘आमच्या वेळी लावतच होतो की’ असे म्हणणाऱ्या त्या माउलीने शेवटी तेलाची वाटी स्वतःच उचलून आत नेली. श्वास दुसऱ्यांदा मोजणे हे प्रशिक्षणाने येते. सासूला न दुखावता तिच्याकडून वाटी उचलून घेणे हे कोणत्याही पुस्तिकेत नाही, आणि त्याशिवाय पहिल्या कौशल्याचा उपयोगही नाही.

ही पद्धत २०११ मध्ये देशभर लागू झाली, तेव्हा या सहाही भेटींचा मिळून मोबदला २५० रुपये ठरवण्यात आला. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही पूर्ण पडत नाहीत.

या आकड्याचा मला विशेष सल आहे, कारण ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी घेतली गेली. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेले आढळले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कामाने बाळे वाचतात की नाही, हा प्रश्न तेव्हाच संपला. राहिला तो त्याच्या किमतीचा प्रश्न, आणि तो विज्ञानाने सोडवायचा नव्हता.

आशा हे पदच मुळात स्वयंसेवेच्या कल्पनेवर उभे केले गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा आशा गावातलीच रहिवासी असावी, स्त्री असावी, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, असे निकष ठरले. ती पगारी नोकर नसेल. प्रत्येक कामामागे तिला ठरावीक रक्कम मिळेल, असेही तेव्हाच ठरले. गावातली स्त्री घराघरांत जाऊ शकते, तिच्यापुढे बायका मोकळेपणाने बोलतात, हा विचार योग्यच होता, आणि पुढच्या अनुभवाने तो खरा ठरला. परंतु ज्या गुणामुळे या कामासाठी स्त्रीच हवी, तोच गुण तिला मोबदला देताना हिशेबात धरला गेला नाही. करोनाच्या साथीत याच स्त्रिया ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. त्या जादा कामासाठी केंद्राने महिन्याला १,००० रुपये ठरवले होते. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या, तो याच रागातून. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. तो सन्मान त्यांनी कमावलेला होता आणि तो वाचताना माझाही ऊर भरून आला होता. तरीही त्यानंतर २०२३ च्या अखेरीस त्यांना पुन्हा काम थांबवावे लागले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर येऊन बसावे लागले. तेव्हा कुठे राज्याने आपल्याकडून दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली.

या सगळ्याकडे अनेकजण गरिबीचा, अर्थसंकल्पाचा किंवा संघटनेच्या ताकदीचा प्रश्न म्हणून पाहतात. ते चूक नाही. मला मात्र त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. समान वेतनाचा आपला कायदा स्त्रीच्या शेजारी उभा असलेला पुरुष शोधतो. तोच धंदा, तेच आस्थापन, तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम, आणि तरीही तिला कमी पगार, असे दिसले की कायदा जागा होतो. १९७६ चा समान मोबदला अधिनियम याच पायावर उभा होता आणि त्याने खरोखर न्यायही दिला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्त्री लघुलेखिकांना त्याच कंपनीतील पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डी’कोस्टा यांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवले आणि १९८७ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे लघुलेखक पुरुष होते, म्हणून तुलना होऊ शकली. ज्या कामात सगळ्याच स्त्रिया आहेत, जे पद स्त्रियांसाठीच निर्माण केले आहे, तिथे तिने कोणाकडे बोट दाखवायचे? आशाच्या शेजारी पुरुष आशा नाही. अंगणवाडी सेविकेच्या शेजारी पुरुष सेविका नाही. शुश्रूषेचे, संगोपनाचे, सांभाळण्याचे एखादे काम जितके पूर्णपणे स्त्रियांचे होते, तितके ते या कायद्याच्या नजरेबाहेर जाते.

माझी आतेबहीण गेली कित्येक वर्षे अंगणवाडी सेविका आहे. तिची अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या शाळेच्याच आवारात भरते. मधे फक्त एक कडुलिंबाचे झाड आणि पाण्याची टाकी. तिथे गेले की या विषयातली सगळ्यात स्पष्ट तुलना डोळ्यांपुढे उभी राहते. पाच वर्षांचे मूल मे महिन्यापर्यंत तिच्याकडे असते. ती त्याला रंग, आकार, गाणी, रांगेत उभे राहणे, डबा झाकणे, सांगून बाहेर जाणे शिकवते. त्याचे वजन-उंची दर महिन्याला नोंदवते, आणि वजन घटले तर त्याच्या आईला गाठून कारण काढते. जूनमध्ये तेच मूल कडुलिंबाच्या पलीकडे जाते आणि पहिलीत बसते. आता ते प्राथमिक शिक्षकाच्या हाती असते. त्या शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपयांपासून सुरू होते. वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वेतनवाढ आणि रजा. (सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपयांवर काढावी लागतात, आणि तेही अन्यायाचेच आहे.) सेविकेचे मानधन मार्च २०२३ पर्यंत ८,३२५ रुपये होते, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ते १०,००० झाले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून १३,००० झाले; शिवाय कामगिरीनुसार थोडा प्रोत्साहन भत्ता. मदतनिसाचे ५,५०० चे ७,५०० झाले. याच जिल्हा परिषदेत शिपायाचे मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर भत्ते. शिपायाला गरजेपेक्षा जास्त मिळते असे मी कदापि म्हणणार नाही. त्याला मिळते ते माणसाला लागतेच. मुलाचे वय एका उन्हाळ्याने वाढते आणि त्याला सांभाळणाऱ्याच्या श्रमाची किंमत मात्र दुपटीहून अधिक होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

शिक्षकाची पात्रता वेगळी असते, त्याला पदविका लागते, पात्रता परीक्षा द्यावी लागते, असे यावर सांगितले जाते. हे खरे आहे आणि त्याचे वजन मी मानते. पण पात्रता हा काही आकाशातून पडलेला नियम नाही. लहान मुलांना शिकवणे हे शास्त्र आहे, हे आपल्याच भूमीत ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला आयुष्य वेचून दाखवले. आदिवासी पाड्यावरच्या मुलांपर्यंत बालवाडी नेताना त्यांच्या अंगणातच शाळा भरवण्याची कल्पना त्यांची आणि अनुताई वाघांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानले, आणि मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाच्या आत होतो, असे त्याच धोरणात नमूद केले. टप्पा एक आहे, तर त्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागात शिकवणाऱ्या स्त्रीला प्रशिक्षण देऊन, तिची पात्रता वाढवून, तिला वेतनश्रेणीत आणणे हेच त्या धोरणाशी सुसंगत ठरते. प्राथमिक शिक्षकाचा पेशा पूर्वीपासून पुरुषांचाही होता, म्हणून त्याला वेतनश्रेणी लाभली आणि त्या पेशात आलेल्या स्त्रियांनाही तीच मिळाली. बालवाडी पहिल्यापासून बायकांचीच राहिली, म्हणून ती सेवाभावावर सोपवली गेली, असे माझे मत आहे. याला सिद्धांताचा दर्जा मी देत नाही, परंतु एका आवारातल्या दोन खोल्यांमधला हा फरक दुसऱ्या कोणत्या कारणाने पुरता उलगडतो, ते मला कोणी पटवून दिलेले नाही.

काम अर्धवेळ आहे, हा दुसरा युक्तिवाद. आतेबहिणीचा दिवस पाहिलेला माणूस तो करू शकणार नाही. अंगणवाडीची वेळ संपल्यावर गरोदर मातांच्या गृहभेटी, घरपोच आहाराच्या पाकिटांचे वाटप, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमधील नोंदी, लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंच्या जोडीने बायकांना बोलावून आणणे, अधूनमधून येणारी सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही सेविकांकडे आले आणि एका अर्जामागे ५० रुपये देण्याचे जाहीर झाले. त्या दिवसांत तिच्या दारात रात्री उशिरापर्यंत बायका आधार कार्डे घेऊन बसलेल्या असत. रेंज मिळावी म्हणून ती गच्चीवर जाऊन एकेक अर्ज पाठवत असे. खाली घरातला स्वयंपाक तिची वाट पाहत असे, कारण तो तिच्याशिवाय कोणी करणार नव्हते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. एवढ्या वर्षांत अंगणवाडी हा सरकारी यंत्रणेचा गावातला सर्वांत खोल गेलेला पाय ठरला, पण ती चालवणारी स्त्री कागदोपत्री मानसेवीच राहिली. २००६ मध्ये कर्नाटकातील अमीरबी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अंगणवाडी सेविका राज्याच्या नागरी सेवेतील पद धारण करत नाहीत, असा निर्णय दिला. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे, त्यांना किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती अजून शिफारसच आहे. आणि मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवेच्या कायद्याखाली, म्हणजे मेस्माखाली आणले. ज्यांना कर्मचारी म्हणून मान्यता नाही, त्यांना संपाची मात्र बंदी. विधिमंडळात या निर्णयावर गदारोळ झाला, सत्तेत सहभागी असलेल्या पक्षाच्या आमदारांनीही विरोध केला आणि सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. त्या एका आदेशात हे काम किती आवश्यक आहे, याची कबुली सरकारने स्वतःच लेखी दिली होती, असे मला वाटते, आणि वेतनाचा प्रश्न निघेल तेव्हा तो कागद पुढे ठेवला पाहिजे.

कायद्याचे वारे त्यानंतर थोडे फिरले. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असे स्पष्ट केले. हे अर्धवेळ काम आहे हा राज्याचा युक्तिवाद न्या. ओक यांनी मान्य केला नाही. मानधन म्हटले तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच, हेही न्यायालयाने सांगितले. २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकत सेविकांना तृतीय श्रेणीच्या आणि मदतनिसांना चतुर्थ श्रेणीच्या नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने वागवण्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे त्याआधी, डिसेंबर २०२३ पासून, सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या आणि ग्रॅच्युइटी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.

ही किंमत मुळात इतकी खाली का ठरते, याचे उत्तर सरकारी कागदांपेक्षा आपल्या घरांत शोधावे लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि जे थोडे पुरुष ते करतात ते ९७ मिनिटे. असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१ टक्के आहे, पुरुषांमध्ये २६ टक्के. जे काम घराघरांत सून, आई, बहीण वर्षानुवर्षे फुकट करते, तेच काम बाहेर कोणी पैसे घेऊन करू लागले, तर त्याचा भाव शून्यापासून वर चढू लागतो. वायरमनचा, सुताराचा, गवंड्याचा भाव शून्यापासून सुरू होत नाही.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा दिवसपाळीला एका ब्युरोकडून मावशी येत असत. बारा तासांची ड्युटी, आणि मिळणाऱ्या पैशांतून ब्युरोचा वाटा आधी कापलेला. दर दोन तासांनी त्या सासूबाईंची कूस बदलत. नुसते वळवून त्या थांबत नसत. पाठीचा शेवटचा मणका, टाचा, कोपर, कानाची पाळी असे सगळे बोटाने दाबून लाली उतरते की नाही ते पाहत. लाली तशीच राहिली तर त्या बाजूवर पुढचे काही तास झोपवायचे नाही, हे त्यांचे ठरलेले. चादरीला एक सुरकुती राहू देत नसत, कारण झिजलेल्या कातडीला ती सुरकुतीच कापते. भरवताना मान किती उचलायची, घास गिळला हे कंठाच्या हालचालीवरून कसे ओळखायचे, हे त्यांना बघूनच मी शिकले. एका सकाळी लघवीच्या पिशवीकडे पाहून त्या माझ्या यजमानांना म्हणाल्या, “दादा, रंग गढूळ आलाय, डॉक्टरांना आत्ताच कळवा.” ताप संध्याकाळी आला, तोवर औषध सुरू झाले होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकही जखम न होऊ देणे ही काय चीज आहे, हे ज्यांनी घरात असे आजारपण काढले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

भेटायला येणाऱ्या बायका मात्र त्यांचा पगार ऐकून हटकून म्हणत, “एवढे? नुसतं बसून तर असतात दिवसभर. आपण नाही का केलं आपल्या सासवांचं?” त्याच महिन्यात इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याने तासाभराचे घेतलेले पैसे ऐकून कोणाचीही भुवई वर गेली नव्हती. त्या बायकांचा मला राग येत नाही. त्यांनी खरोखरच सासवांचे केले होते, पाठी मोडून, रात्री जागून केले होते, आणि त्याचे मोल त्यांना कधी कोणी बोलूनही दाखवले नव्हते. स्वतःच्या श्रमाला शून्य किंमत मिळालेली स्त्री दुसरीच्या श्रमाला मोठी किंमत कोणत्या मापाने देणार? घरातल्या श्रमाची ही नाकारलेली किंमतच पुढे मावशींच्या पगारात, मदतनिसाच्या मानधनात आणि त्या २५० रुपयांत उतरते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, ही चांगली गोष्ट झाली. पण कल्याण मंडळ मदत देते, कामाचा भाव ठरवत नाही.

प्रेमाने करायच्या कामाला पैशांचा हिशेब लावला तर त्यातले प्रेम जाईल, असे काही लोक मनापासून मानतात. मला हे पटत नाही. डॉक्टरांना चांगली फी मिळते म्हणून त्यांच्यातली माया आटते, असे आपण म्हणत नाही. प्रशिक्षण, वेळ आणि जबाबदारी यांचा मोबदला दिल्याने माया कमी होत नाही. महिनाअखेरीस उसने मागावे लागल्याने, म्हातारपणी हाती काहीच राहणार नाही या धास्तीने मात्र माणूस आतून थकतो. हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचाही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२२ च्या संयुक्त अहवालानुसार आरोग्य आणि शुश्रूषेच्या क्षेत्रात दोन तृतीयांश कर्मचारी स्त्रिया आहेत, आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी आहे. वय, शिक्षण, कामाचे तास जमेस धरूनही या तफावतीचा बराचसा भाग उलगडत नाही.

शेजारी पुरुष नसताना तुलना करायची कशी, याचे उत्तर न्यूझीलंडमधल्या एका शुश्रूषा कर्मचारी स्त्रीने मिळवले. क्रिस्टीन बार्टलेट वृद्धाश्रमात काम करत होत्या. वीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना तासाला १४.४६ डॉलर मिळत होते. त्यांच्या आश्रमातल्या मोजक्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही तेवढेच मिळत होते, म्हणून ‘इथे भेदभाव कुठे आहे’ असा मालकाचा बचाव होता. बार्टलेट यांचे म्हणणे असे, की हे बायकांचे काम समजले जाते म्हणूनच ते करणाऱ्या सगळ्यांना कमी मिळते. तुलना करायची तर एवढेच कौशल्य आणि एवढीच जबाबदारी लागणाऱ्या, पुरुषांच्या मानल्या गेलेल्या दुसऱ्या कामाशी करा. तिथल्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हे तत्त्व मान्य केले. २०१७ मध्ये सरकारने समझोता केला: पाच वर्षांत दोन अब्ज डॉलर, सुमारे ५५,००० कर्मचारी, आणि १५ ते ५० टक्क्यांपर्यंत वेतनवाढ. मे २०२५ मध्ये तिथल्याच नव्या सरकारने घाईने कायदा बदलून असे दावे करण्याचे निकष कडक केले आणि चालू असलेले ३३ दावे रद्द झाले. म्हणजे मिळालेले टिकेलच याची खात्री तिथेही नाही. तरीही अशी तुलना करता येते, तिला पद्धत आहे आणि ती पद्धत एका देशाने वापरून पाहिली आहे, हे आता कोणाला नाकारता येणार नाही.

आपल्यालाही हे तत्त्व परके नाही. समान मोलाच्या कामाला समान मोबदला, असे म्हणणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला. आपला देशी कायदा मात्र ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ इथेच थांबला. १९७६ च्या कायद्याची जागा घेणारी वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यातही तुलना एकाच मालकाच्या एकाच आस्थापनातील तशाच कामाशी करायची आहे. करारात दिलेला शब्द आणि कायद्यात उतरलेला शब्द यांच्यामध्ये जी जागा राहिली, त्या जागेत आपल्या आशा, सेविका, मदतनीस आणि मावशी उभ्या आहेत.

पैसे कुठून आणायचे, हे विचारले जाणारच, आणि ते विचारलेही पाहिजे. राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. प्रत्येक सेविकेला महिन्याला १०,००० रुपये वाढवून द्यायचे म्हटले, तर वर्षाला साधारण १,३२० कोटी रुपये लागतील. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला होता. ती योजना नको होती, असे मी म्हणत नाही. तिचे पंधराशे रुपये ज्या घरांत पोचले तिथे ते कसे उपयोगी पडले, हे मी पाहिले आहे. परंतु स्त्रीला बहीण म्हणून देण्याइतका पैसा उभा करू शकणाऱ्या राज्याला, तिने केलेल्या कामाचे वेतन देण्यासाठी पैसा नाही, हे म्हणणे मला मान्य करता येत नाही.

म्हणून माझी मागणी आणखी एका मानधनवाढीची नाही. राज्याने एक समिती नेमावी, तिच्यात कार्यरत सेविका, मदतनीस आणि आशा असाव्यात, आणि त्या समितीने कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार कसोट्यांवर सेविकेच्या कामाची तुलना पहिलीच्या शिक्षकाशी, मदतनिसाची शिपायाशी आणि आशाची उपकेंद्रातील पुरुष आरोग्यसेवकाशी करून अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा. हे काम मानधनवाढीचा पुढचा शासन निर्णय निघण्याआधी व्हायला हवे, कारण एकदा हजार-दोन हजारांची वाढ जाहीर झाली की मूळ प्रश्न पुन्हा काही वर्षे मागे पडतो आणि पुढच्या संपापर्यंत त्याची आठवण कोणालाच राहत नाही.